न वाचता मांडलेलं पुस्तक

कारखान्यात त्याला कमांडर म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध लहानपणी घसा बसेपर्यंत लढाई-लढाई खेळण्यापलीकडे कधी आला नव्हता. पण संगणकावर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात टकाटका हुकूम टाइप करायचे आणि संगणकानं ते निमूट पाळायचे, हा खेळ तो उभी नोकरी खेळला. पुढे पुढे शेजारच्या टेबलावर पाणी मागतानासुद्धा तो त्याच सुरात मागायला लागला. म्हणून कमांडर. ह्या गोष्टीत त्याला अरेतुरे आहे आणि त्याच्या बायकोला अहोजाहो, ते चुकून झालेलं नाही. मान ज्यानं त्यानं आपापला मिळवावा.

कारखाना पंपांचा. विहिरीवरचे, गच्चीवरच्या टाकीचे, गटार उपसायचे, सगळे पंप. प्रत्येक पंपाच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका जायची. गिऱ्हाईक ती पहिल्या दिवशी फेकून द्यायचं आणि पंप बंद पडला की कचऱ्यात शोधायचं. त्या पुस्तिकांची पानं लावायचं काम कमांडरचं. त्यासाठी त्याच्याकडे एक म्हातारा प्रोग्राम होता, ज्याला ना चित्रं होती ना बटणं. साधा मजकूर लिहायचा. मधे मधे, ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन, हुकूम लिहायचे: इथे मथळा, इथे नवा परिच्छेद, इथे तक्ता. मग काळ्या खिडकीत प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर मारला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खी पुस्तिका पानांसकट हजर. टिंबानं सुरू होणारी ओळ म्हणजे हुकूम, बाकीचा सगळा मजकूर. एवढं कळलं की सगळं कळलं, असं कमांडर म्हणायचा, आणि समोरच्याला एवढंही कळलेलं नाही असा चेहरा करायचा.

बाकीचे सहकारी माउस धरून अक्षरं इकडून तिकडे ओढत बसायचे. त्यांना तो उंदीरमारे म्हणायचा. ते म्हणायचे, "कमांडर, तुझ्या त्या खिडकीत निदान एक दिवा तरी लाव." साहेबांनी दोनदा नवीन प्रोग्राम आणले, दोन्ही वेळा ते प्रोग्राम म्हातारे होऊन गेले आणि कमांडरचा म्हातारा तसाच ठणठणीत राहिला. त्यामुळे त्याला गर्व झाला होता, आणि खरं सांगायचं तर गर्वाचं कारणही होतं. पानं तो देखणी लावायचा.

फक्त तो वाचायचा नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं एक पुस्तिका मन लावून वाचली होती. तीत लिहिलं होतं की पंपातून खडखड आवाज येत असल्यास आतली चकती तपासावी. घरी आला तर इमारतीचा पंप खडखडत होता. त्यानं चकती तपासली. त्यानंतर आठवडाभर सगळ्या बिऱ्हाडांनी बादल्यांनी पाणी भरलं आणि जिन्यात भेटेल तो त्याला बादलीच दाखवायचा. तेव्हा त्यानं कानाला खडा लावला. "मी वाचत नाही, मांडतो," असं तो अभिमानानं सांगायचा. "जुळारी वाचायला लागला की त्याला चुका दिसतात. चुका दिसल्या की हात शिवशिवतात. आणि दुरुस्ती केली की लेखक अंगावर येतो."

म्हाताऱ्या प्रोग्रामची एक खोड मात्र त्याला सहन होत नसे. न समजणारा हुकूम दिसला की तो प्रोग्राम ती ओळ गाळून पुढे जायचा आणि जाता जाता कुरकुरायचा: अमुक ओळीत तमुक हुकूम आहे, तो मला ठाऊक नाही. दिवसभर ही पुटपुट. शेवटी कमांडरनं तिच्यावर उपाय शोधला. हुकुमाच्या शेवटी दोन अक्षरं जास्त टाकायची, की प्रोग्रामच्या तोंडाला कुलूप. बिचाऱ्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हा शोध लागला त्या दिवशी कमांडर घरी खुशीत आला आणि म्हणाला, "असलं काही घरासाठी निघालं तर पहिला गिऱ्हाईक मी."

"माझ्याकडे आहे की," त्याच्या बायको टॉवेलाची घडी घालत म्हणाल्या. "ओली पट्टी आणि प्लास्टर. जबड्यालासुद्धा घालता येतं."

कारण बाई हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होत्या. तिथे त्यांना सगळे प्लास्टरताई म्हणत. मोडलेलं हाड डॉक्टर जागेवर बसवायचे आणि वर प्लास्टर चढवायच्या त्या. ओलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत माणसाला हलता येत नाही, आणि हलता न येणारा माणूस बोलायला लागतो. जिन्यावरून पडलो म्हणत आलेला माणूस जाईपर्यंत, कोणी ढकललं आणि का ढकललं, तेही सांगून जायचा. प्लास्टरताई ऐकून घ्यायच्या आणि वर शेरा मारायच्या. स्वभाव फटकळ. मोठे डॉक्टर चुकले तर त्यांनाही तिथल्या तिथे ऐकवायच्या. टोमणा त्यांच्या जिभेवर आयता तयार असे. अडायच्या त्या एकाच ठिकाणी. आतलं, मनातलं काही बोलायचं असलं की तोंड उघडायच्या, थांबायच्या, हात घडी घालायला एखादं कापड शोधायचा. त्यांचं वाक्य सुरू होईपर्यंत कमांडर बहुतेक वेळा उठून गेलेला असायचा.

दोघांची निवृत्ती मागेपुढेच झाली. कमांडर मागच्या खोलीत आपली काळी खिडकी घेऊन बसला आणि लोकांची पुस्तकं मांडून देऊ लागला. प्लास्टरताई निघाल्या तेव्हा हॉस्पिटलनं ठरवलं की त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं. सगळ्यांना घड्याळं देऊन देऊन कंटाळले असतील. लिहायचं प्लास्टरताईंनी, पानं लावायची अर्थातच कमांडरनं, छापायचं हॉस्पिटलनं.

लिहायला बसवायच्या आधी कमांडरनं बायकोची शिकवणी घेतली.

"एक वाक्य, एक ओळ," तो म्हणाला. "वाक्य संपलं की एंटर. पुढचं वाक्य नव्या ओळीवर."

"असं का? पुस्तकात तर सलग असतं."

"सलग करायचं काम प्रोग्रामचं. तो सगळ्या ओळी जोडून परिच्छेद करतो. तू फक्त एकेक वाक्य सुटं सुटं दे."

"म्हणजे हाडं मी द्यायची आणि प्लास्टर तो घालणार."

"तसं समज," कमांडर म्हणाला. त्याला ती तुलना आवडली होती, पण तसं कबूल करायचा त्याचा रिवाज नव्हता.

मग सगळा उन्हाळा प्लास्टरताई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन लिहीत होत्या. दोन बोटांनी टाइप करायच्या, लिहिता लिहिता स्वतःच्याच विनोदाला हसायच्या. कधी बराच वेळ आवाज नसे. मग एकच बटण टक टक टक वाजायचं, आणि मग एखादं लांब वाक्य एका दमात. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर घातलं आणि स्वतः मागच्या खोलीत नेऊन दिलं.

"आधी वाचा," त्या म्हणाल्या. "मग मांडा. दुसऱ्या कोणी वाचायच्या आधी तुम्ही वाचायचं."

"वाचतो गं."

"अहो, नुसतं हो म्हणू नका."

"वाचतो म्हटलं ना!"

आता ह्या माणसानं वाचायला हवं होतं. बोलून चालून स्वतःच्या बायकोचं पुस्तक. पण पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यातला जुळारी जागा झाला. त्यानं अक्षराचा आकार ठरवला, मथळ्यांचा आकार ठरवला, प्रकरणांच्या सुरुवातीला अर्धं पान मोकळं सोडलं, समास एकदा कमी केला आणि दोनदा वाढवला. सवयीनं हुकुमाच्या शेवटी ती दोन अक्षरं टाकून प्रोग्रामचं तोंड बंद केलं. पानं सुंदर आली. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी’ ह्या शब्दापुढे त्यानं स्वतःचं नाव घातलं, लेखिकेच्या नावापेक्षा अगदी किंचितच लहान अक्षरात. ह्या सगळ्यात वाचायचं राहून गेलं. आज वाचू, उद्या वाचू, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि पानं छापखान्याला पाठवून दिली.

प्लास्टरताई वाट बघत होत्या. काय म्हणतो ह्याची. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. शेवटी जेवताना त्यांनीच विचारलं.

"वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"अथपासून इतिपर्यंत."

प्लास्टरताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "मग?"

"छान आहे," कमांडर म्हणाला. "समास थोडा वाढवलाय. नाहीतर शिवणीत ओळी जातात."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ की त्याला वाटलं मिशीला काहीतरी लागलंय. त्यानं मिशी पुसली.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"मथळे ठसठशीत केलेत."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्याचं जेवण व्हायचं होतं तरी त्याचं ताट उचलून नेलं.

पुस्तकाचा समारंभ हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात झाला. मोठे डॉक्टर इतके लांबले की पुढच्या रांगेतल्या एकाच्या पायाला मुंग्या आल्या आणि तो उठताना पडला. सुदैवानं जागा योग्य होती. मग पुस्तकं वाटली. प्लास्टरताईंनी आपली प्रत उघडली, भराभर पानं उलटून एका जागी थांबल्या, ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग दुसरं पान शोधलं. मग तिसरं. मग पुस्तक मिटून पिशवीत टाकलं आणि लोकांशी हसून बोलायला लागल्या. कमांडरचं लक्ष नव्हतं. तो एका हाडांच्या डॉक्टरला समास म्हणजे काय ते समजावत होता.

चौथ्या दिवशी सकाळी मेव्हण्याचा फोन आला. हा प्लास्टरताईंचा धाकटा भाऊ, आणि भावोजींची खोडी काढणं हे त्याचं आयुष्यातलं एकमेव नियमित काम.

"भावोजी, वाचलं हो पुस्तक!" तो म्हणाला. "काय लिहिलंय ताईनं! घरदार हसतंय. पण तुमच्याबद्दल एक बरा शब्द कुठे सापडला तर पानाचा नंबर कळवा. मी चष्मा बदलून बघतो."

तेव्हा कुठे कमांडरनं आपल्या बायकोचं पुस्तक वाचायला घेतलं. आणि बघतो तर काय, प्लास्टरच्या खोलीइतकाच तोही त्यात होता. ‘हे घोरतात.’ ‘हे नळ दुरुस्त करायला बसले की मी आधी खालच्या मजल्यावर कळवते.’ ‘ह्यांना आपल्या चपला कुठे काढल्या ते आठवत नाही, पण लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी काय विसरले होते ते आठवतं.’ पानामागून पान. मेव्हणा खोटं बोलला नव्हता. बरा शब्द नव्हताच. कमांडरच्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट म्हणजे मजकूर गमतीचा होता आणि मधे दोनदा त्याला स्वतःलाच हसू आलं, त्यामुळे तर तो आणखीच भडकला.

तो पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेला.

"इतकी वर्षं संसार केला," तो म्हणाला. "आणि माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य नाही?"

प्लास्टरताई ओटा पुसत होत्या. त्या पुसायच्या थांबल्या. "होती की वाक्यं. तुम्हाला ठेवायची ती ठेवलीत, काढायची ती काढलीत."

"मी? मी कानामात्रेला हात लावलेला नाही!"

"अहो, काढलीत तर काढलीत. नसेल झेपलं. पण निदान माझ्या तोंडावर कबूल तरी करा."

"ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा," कमांडर म्हणाला. "स्वतः चांगलं लिहायचं नाही आणि नाव माझं!"

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. प्लास्टरताईंनी फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं आणि आत जाऊन बॅग भरली.

"लेकीकडे जातेय," त्या दारात म्हणाल्या.

"कधी येणार?"

"बघू."

आजवर त्या कुठेही गेल्या तरी परत यायचा दिवस आणि फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगून जायच्या. ह्या वेळी दोन्ही सांगितलं नाही. दार बंद झाल्यावर कमांडर बराच वेळ दाराकडे बघत उभा होता. मग त्यानं, ‘गेली तर गेली’ असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. घरात कोणी नसताना ते काही खरं वाटेना.

दोन दिवस तो ताठ राहिला. तिसऱ्या दिवशी चहापत्तीचा डबा सापडेना, म्हणून त्यानं मुलीला फोन केला.

"आईला विचार, चहापत्ती कुठे ठेवलीय."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. "बाबा, आई म्हणतेय पुस्तकात बघा."

हा टोमणा होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कमांडर रागाच्या भरात खरंच पुस्तकात बघायला गेला. चहाचा उल्लेख होता, नाही असं नाही. तो तिथेच उभा राहून वाचू लागला: ‘ह्यांना चहा करता येत नाही. पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदम भांड्यात टाकतात आणि उकळून उकळून त्याचा काढा करतात. आई शेवटपर्यंत त्याच चहाची आठवण काढायची.’

कमांडर थांबला. त्यानं परत वाचलं. काढ्याची आठवण कोण काढतं? आणि सासूबाईंनी त्याच्या हातचा चहा कधी घेतला? मग त्याला आठवलं. सासूबाई पाय मोडून त्यांच्याकडे येऊन राहिल्या होत्या खऱ्या. सकाळचा चहा तोच द्यायचा. ही गोष्ट तो स्वतःच पार विसरला होता. पण मग हे दुसऱ्या वाक्यावरून तिसऱ्यावर असं उडी मारून कसं आलं? मधे काहीतरी हवं होतं. दाताच्या रांगेत एक दात नाही हे जिभेला कळावं तसं त्याला ते कळलं. आयुष्यभर मजकूर न वाचलेल्या माणसाला ही पहिलीच फट सापडली होती.

तो मागच्या खोलीत गेला आणि बायकोनं लिहिलेली मूळ फाइल उघडली. चहापर्यंत आला. दुसऱ्या वाक्याच्या खाली, तिसऱ्याच्या वर, स्वतंत्र ओळीवर, एक वाक्य होतं.

...पण आई माझ्याकडे पाय मोडून पडली होती आणि माझी पहाटेची पाळी होती, तेव्हा तीन महिने हेच तिला उठवून बसवायचे आणि फुंकर घालून आपल्या हातानं चहा पाजायचे.

कमांडरनं ती तीन टिंबं पाहिली. समजावून सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. मनातलं बोलायच्या आधी प्लास्टरताई थांबायच्या. लिहितानाही थांबल्या होत्या, आणि थांबल्याची खूण म्हणून तीन टिंबं देऊन मग वाक्य सुरू केलं होतं. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, हे त्यानंच शिकवलेलं. आणि ओळीच्या सुरुवातीला टिंब दिसलं की प्रोग्राम त्याला हुकूम समजणार. असा हुकूम त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक कुठला असायला? त्यानं ओळ गिळली आणि तक्रार करायला तोंड उघडलं. ते तोंड कमांडरनं बांधून ठेवलं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळाही तोच आणि कुत्रं पाळणाराही तोच.

त्यानं हुकुमाच्या शेवटची ती दोन अक्षरं काढली आणि एंटर मारला. खिडकी वरपासून खालपर्यंत तक्रारींनी भरली आणि मग वर सरकू लागली. इतक्या तक्रारी त्यानं उभ्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. प्रत्येकीत ओळीचा आकडा होता. त्यानं एकेक आकडा घेतला आणि एकेक ओळ वाचायला लागला.

...घरात पाणी पाणी झालं की हे आधी मला खुर्चीवर उभं करतात आणि मग स्वतः घसरून पडतात.

...परगावी गेले की ह्यांच्या घोरण्याशिवाय मला झोप लागत नाही, हे मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.

...माझी बढती अडवली तेव्हा हे चकार शब्द बोलले नाहीत, पण मोठ्या डॉक्टरांनी घरी नवा पंप घेतला त्याची पुस्तिका ह्यांनी मुद्दाम पानं उलटीसुलटी लावून पाठवली, हे मला नंतर कारखान्यातून कळलं.

ह्या ठिकाणी कमांडरला हसू आलं आणि हसता हसता नाक गळायला लागलं. हे तिला ठाऊक होतं! त्यानं बाहीनंच नाक पुसलं. बायको सगळं बघत होती, सगळं लक्षात ठेवत होती, आणि सगळं चांगलं त्या तीन टिंबांच्या मागे लिहून त्याच्याच हातात देऊन गेली होती. मग शेवटच्या तक्रारींपैकी एका आकड्यापाशी तो आला. हे पान त्याला माहीत होतं, छापलेलं वाचताना इथे त्याला स्वतःलाच हसू आलं होतं. छापलेल्या पुस्तकात होतं: ‘लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ह्या घरात राहायला आलो. संध्याकाळी मी स्वयंपाक केला आणि हे म्हणाले, मीठ कमी आहे.’ लोकही ह्याला हसले असणार. मूळ फाइलमध्ये त्या दोन वाक्यांच्या मधे हे होतं:

...एका सकाळी हे कामावर गेल्यावर मी बॅग भरली आणि ह्या घरात परत पाऊल टाकायचं नाही असं ठरवून बसस्टँडवर जाऊन बसले.

कमांडरनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला ती संध्याकाळ आठवेना. मीठ कमी असलेली संध्याकाळ त्याच्या हिशेबात एक नव्हती, शंभर होत्या. त्यांतली ही कुठली? त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती होती. मग त्याला जेवणाचं टेबल आठवलं. आणखी काही, असं तिनं विचारलं होतं. बायको जन्मात कधी न बोललेली गोष्ट लिहून देते, आठवडाभर जीव मुठीत धरून बसते, आणि नवरा सांगतो, मथळे ठसठशीत केलेत. "गाढवा," कमांडर स्वतःला म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला, पण ते छापण्यासारखं नाही.

लेकीकडे जाईपर्यंत वाटेत त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ओळी मी काढल्या नाहीत, हे सिद्ध करणं सोपं होतं. लॅपटॉप बरोबर होता, तक्रारी दाखवता येत होत्या. पण ते सिद्ध झालं की पुढचा प्रश्न येणार: वाचलं होतंत ना? वाचून काढून टाकणारा नवरा बरा, की वाचलं म्हणून खोटं सांगणारा? सगळं प्रोग्रामवर ढकलावं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. माणूस म्हातारा झाला म्हणून लगेच शहाणा होतो असं नाही.

दार मुलीनं उघडलं. लॅपटॉप छातीशी धरून उभ्या असलेल्या बापाकडे तिनं एकदा पाहिलं. "आई आतल्या खोलीत आहे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मग लगेच बंद केला, ऐकू यावं म्हणून.

प्लास्टरताई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ओळी मी काढल्या नाहीत," कमांडर उभ्या उभ्याच म्हणाला. "सुरुवातीला टिंबं होती. प्रोग्रामला वाटलं हुकूम आहे. त्यानं त्या गाळल्या."

"आणि तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं होतं."

"हं," प्लास्टरताई म्हणाल्या. उशीच्या अभ्र्याची घडी झाली. "पण तुम्ही तर वाचलं होतंत. अथपासून इतिपर्यंत. छापून आल्यावर ओळी नाहीत, हे तुम्हाला दिसलं नाही?"

आली वेळ. कमांडरनं लॅपटॉप पलंगावर ठेवला.

"वाचलं नव्हतं," तो म्हणाला. "खोटं बोललो. एक ओळ वाचली नव्हती. तू लिहिलेलं मूळचं आज वाचलं."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. प्लास्टरताईंचे हात थांबले.

"म्हणजे तुम्ही वाचून काढून टाकलं नाहीत."

"नाही."

"वाचलंच नाहीत."

"नाही."

"आणि मी इथे तीन दिवस रडतेय, की माणसानं वाचलं आणि एक शब्द न बोलता पुसून टाकलं." त्यांनी शेजारचा टॉवेल उचलला. कमांडरला वाटलं घडी घालतील, पण त्यांनी तो त्याला फेकून मारला. "अहो, तुम्ही माणूस आहात की पंप?"

"पंप," कमांडर म्हणाला.

त्यावर त्या हसल्या असत्या, पण त्यांनी हसू गिळलं. ह्या माणसाला इतक्या स्वस्तात सोडायचं नव्हतं.

"परत छापून घेतो," तो घाईनं म्हणाला. "टिंबं काढली की सगळ्या ओळी येतात. मी हॉस्पिटलला सांगतो, चूक माझी आहे म्हणून. सगळ्या ओळी घालतो."

"घाला. बसस्टँडची सोडून."

"ती का नको?"

प्लास्टरताईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. हात मांडीवरच राहिले. कमांडर उठून जायला आधीच उभा होता, तो खाली पलंगावर बसला.

"ती पुस्तकासाठी नव्हतीच," त्या शेवटी म्हणाल्या. "समोर बसून मला सांगता येत नव्हती. म्हटलं, पुस्तक लोकांच्या हातात जायच्या आधी हे वाचतील. मग विचारतील. मग ती ओळ मी काढूनच टाकणार होते."

कमांडरला विचारायचं बरंच होतं: मी काय केलं होतं, कोणी काय म्हटलं होतं, आजवर का बोलली नाहीस. ह्या सगळ्याला आता वेळ होता, आणि ह्या सगळ्याची त्याला भीतीही वाटत होती. म्हणून त्यानं त्यातल्या त्यात सोपा प्रश्न विचारला.

"बस आली नाही का त्या दिवशी?"

"आली होती की," प्लास्टरताई म्हणाल्या. "रिकामी होती. खिडकीची जागासुद्धा मिळत होती."